बर्फाच्या पोटातला माणूस

हिवाळ्यातल्या एका सकाळी चुलीवर टांगलेलं पातेलं आपोआप झुलायला लागलं. वारा नव्हता, कुणाचा धक्काही लागला नव्हता. वस्तीतली माणसं त्या पातेल्याकडे बघत राहिली आणि एकेकाच्या तोंडचं पाणी पळालं. विंडिगो निघालाय, आणि तोही आपल्याच रोखानं, हे सगळ्यांना कळून चुकलं. त्याला सामोरा जाईल असा एकही गडी पुढे येईना. वस्तीच्या टोकाला एक म्हातारी आणि तिची नात राहायची. नातीनं विचारलं, सगळे रडताहेत कशाला? कारण कळल्यावर तिनं सुमाकच्या झुडपाच्या दोन काठ्या मागून घेतल्या, साल सोललेल्या, तिच्या हाताएवढ्या लांब. आणि आजीला म्हणाली, चुलीवर चरबी वितळत ठेव.

त्या रात्री असा गारठा पडला की झाडांची खोडं तडातडा उकलली, नदी गोठून दगड झाली. पाइनच्या झाडाएवढा उंच विंडिगो टेकडी ओलांडून आला. पोरगी दोन्ही हातांत काठ्या घेऊन त्याच्याकडे धावली. तो जवळ येईल तशी ती वाढत गेली, आणि गाठ पडली तेव्हा त्याच्याएवढीच झाली होती. काठ्या तांब्याच्या झाल्या होत्या. एकीनं तिनं त्याला आडवा केला, दुसरीनं त्याची कवटी फोडली. मग ती उकळती चरबी प्यायली आणि हळूहळू लहान होत होत पुन्हा आजीची नात झाली.

लोक धावले, विंडिगोला फोडू लागले. तो सगळा बर्फाचा होता. फोडत फोडत गाभ्यापर्यंत गेले, तर आत एक माणूस. साधा, तुमच्याआमच्या मापाचा, डोकं फुटलेला.

ही गोष्ट विस्कॉन्सिनकडच्या ओजिब्वे लोकांची. या संग्रहाचं हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा तीच आधी वाचली, आणि प्रस्तावना लिहायला मी का कबूल झालो याचं उत्तरही तिच्यातच आहे. राक्षसांच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. पण मेलेल्या राक्षसाला फोडून आत कोण आहे ते बघणारी गोष्ट मी तरी आधी वाचली नव्हती.

ओजिब्वे स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. लेक सुपीरियर आणि त्याच्या शेजारच्या महासरोवरांच्या भोवतीचा मुलूख त्यांचा. आज त्यातला काही अमेरिकेत आहे, काही कॅनडात. त्यांच्या उत्तरेला आणि पश्चिमेला क्री, म्हणजे त्यांच्या भाषेत नेहियाव. जेम्स बे आणि हडसन बेच्या काठापासून थेट अल्बर्टाच्या गवताळ प्रदेशापर्यंत ते पसरलेले. दोघांच्या भाषा एकाच अल्गाँक्वियन कुळातल्या, त्यामुळे विंडिगोचं नावही बहिणीबहिणींसारखं: ओजिब्वेत विंडिगो, क्रीमध्ये वीहतिको. हा सूचिपर्णी अरण्याचा, दलदलीचा आणि असंख्य तळ्यांचा प्रदेश. शून्याखाली चाळीस अंशांची थंडी इथे बातमी होत नाही. पूर्वी उन्हाळ्यात माणसं मासे धरायला एकत्र यायची, आणि हिवाळा आला की एकेक कुटुंब आपापल्या शिकारीच्या रानात पांगायचं, कारण एका जागी सगळ्यांना पुरेल एवढं जनावर नसायचं. चार-पाच महिने तेवढीच माणसं, तीच चूल, बाहेर बर्फ. शिकार मिळाली तर बरं. विंडिगो जन्मला तो या खोपटात.

दिसायला तो कसा असतो? बॅझिल जॉन्स्टन (१९२९–२०१५) या ओजिब्वे लेखकानं ‘द मॅनिटूज’ या १९९५च्या पुस्तकात त्याचं वर्णन केलंय. हाडांवर ताणलेली राखेच्या रंगाची कातडी, खोल गेलेले डोळे, अंगाला मढ्याचा वास, आणि फाटून रक्ताळलेले ओठ. भुकेनं स्वतःचे ओठ खाल्लेत, असंही पुष्कळ ठिकाणी सांगतात. काळीज बर्फाचं. पण खरी गंमत, गंमत कसली, खरी शिक्षा पुढेच आहे: तो जेवढं खातो तेवढाच वाढतो. एक माणूस खाल्ला की एका माणसानं मोठा होतो, आणि भूक पुन्हा होती तिथेच. त्याचं पोट कधी भरूच शकत नाही.

अनुवादाच्या पहिल्या खर्ड्यात जागोजागी ‘नरभक्षक राक्षस’ असा शब्द होता. मी तो काढायला सांगितला, आणि यावर बरीच हुज्जतही झाली. आपल्याकडे भुताखेतांना शब्दांचा तोटा नाही. मुंजा, समंध, खवीस, झोटिंग, हडळ, जखीण, गिऱ्हा, प्रत्येकाचा हुद्दा ठरलेला, बसायचं झाडही ठरलेलं. पण ही बहुतेक मेलेल्यांची मंडळी. काहीतरी राहून गेलं म्हणून अडकलेली. विंडिगो व्हायला मरावं लागत नाही. राक्षस म्हणावं तर राक्षस ही वेगळी जात, माणूस तिच्यात जाऊन बसत नाही. शिवाय आपल्या बकासुराचं पोट भरतं. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस एवढ्यावर त्याचा करार, आणि एकचक्रानगरी तो करार निमूट पाळते. विंडिगोशी करार होऊ शकत नाही, कारण त्याची भूक मोजता येत नाही. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचं काय असेल तर ते भुताचं नाव नव्हे, ‘वखवख’ हा शब्द. किंवा ताटावरून न उठणाऱ्या पोराला आई वैतागून विचारते तो प्रश्न: भस्म्या झालाय का तुला? आम्ही शेवटी विंडिगो हे नावच ठेवलं. क्री गोष्टींत वीहतिको ठेवलं आहे.

माणूस विंडिगो कसा होतो, याची उत्तरं अनेक आहेत. दुष्काळी हिवाळ्यात माणसाचं मांस खाल्लं, की झालं. कुणा शामानानं, म्हणजे मांत्रिकानं, करणी केली, तरी झालं. उपासाच्या काळात पडलेल्या स्वप्नात विंडिगो आला आणि त्याचं आमंत्रण स्वीकारलं, तरी. हावरटपणानं एकट्यानं खाल्लं, लपवून ठेवलं, त्याचाही शेवट तोच. ज्याला ही बाधा होते त्याला नेहमीचं अन्न नकोसं होतं, आणि घरातली माणसं कधी बीव्हर तर कधी दुसरं गुबगुबीत जनावर दिसू लागतात. अशी माणसं घरच्यांना विनवायची, मला मारून टाका, मी तुम्हाला खाईन त्याच्या आत, असं जुन्या वृत्तांतांत पुन्हा पुन्हा येतं. मला विंडिगो खाईल ही भीती आपल्या ओळखीची आहे. इथे तिच्यापेक्षा मोठी भीती मी विंडिगो होईन ही आहे.

उपाय एकच ठाऊक होता: आतलं बर्फ वितळवायचं. म्हणून उकळती चरबी पाजायची. आजीच्या नातीनं तेच केलं. मेलेल्या विंडिगोला जाळायचं ते काळीज वितळावं म्हणून.

या चरबीपाशी मी बराच अडलो. अनुवादाच्या टेबलावर कुणीतरी सुचवलं की मराठी वाचकाला शिसारी येईल, ‘तूप’ करूया. ते अर्थातच केलं नाही. पण चरबीच का, हा प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्याचं एक उत्तर मला सशांत सापडलं. या अरण्यातला बर्फससा हिवाळ्यात पांढरा होतो आणि त्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. मोठी शिकार संपली की माणसं सशांवर दिवस काढत. नुसत्या सशांवर जगणाऱ्या माणसाला जी अवस्था येते तिला उत्तरेकडचे लोक ‘सशाची उपासमार’ म्हणत. ध्रुवप्रदेशात वर्षानुवर्षं काढलेल्या विल्यालमर स्टेफान्सन या संशोधकानं तिचं वर्णन केलं आहे. यकृताला एका मर्यादेपलीकडे प्रथिनं पचवता येत नाहीत. ऊर्जेसाठी स्निग्ध पदार्थ नाहीतर पिष्ट लागतंच. ते मिळालं नाही की माणूस खातो, पोट तट्ट होतं, आणि तरी भूक राहते. म्हणून आणखी खातो, आणि भूक राहतेच. हगवण लागते, डोकं दुखतं, अंगातलं त्राण जातं. थोडी चरबी पोटात गेली की माणूस सावरतो. खाईल तेवढा भुकेला होणारा प्राणी आणि त्याच्यावर चरबीचा उतारा. ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांना यकृताचं काम माहीत नव्हतं, पण चुलीजवळ बसून त्यांनी जे पाहिलं होतं ते बरोबर पाहिलं होतं, असं मला वाटतं. सगळा विंडिगो यात मावतो असं मात्र मी म्हणणार नाही. आणि ससेही कायम नसत. दर आठ-दहा वर्षांनी त्यांची संख्या कोसळते. हे चक्र शास्त्रज्ञांना पहिल्यांदा नीट दिसलं ते हडसन बे कंपनीच्या कातड्यांच्या वहीखात्यांत.

या कंपनीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. ज्या दुसऱ्या चार्ल्सनं १६६८ साली मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, त्याच राजानं दोन वर्षांनी, १६७० साली, हडसन बेच्या खोऱ्याची सनद या दुसऱ्या कंपनीला दिली. तिला हवी होती कातडी, मुख्यतः बीव्हरची, युरोपातल्या टोप्यांसाठी. दीडशे वर्षांत बीव्हर विरळ झाला, मूस आणि कॅरिबू हरणं पुष्कळ भागांतून हटली, आणि माणसं मासे आणि सशांवर आली. विंडिगो या व्यापाराच्या आधीचा आहेच. १६३०च्या दशकापासून जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत त्याच्या भावकीतली भुतं येतात, आणि १६६१च्या वृत्तांतात तर माणसांवर लांडग्यासारखी झडप घालणाऱ्या, खाऊन कधीच न निवणाऱ्या पिसाट माणसांची हकिकत आहे. त्यांना मारण्यावाचून इलाज उरला नाही असं पाद्री लिहितो. पण कातड्यांच्या व्यापारानं विंडिगोला चरायला रान मोकळं करून दिलं, हे नाकारता येत नाही.

कागदोपत्री नोंदलेल्या प्रकरणांत सर्वांत कुप्रसिद्ध स्विफ्ट रनर या क्री शिकाऱ्याचं. १८७८–७९च्या हिवाळ्यात तो कुटुंबासह अल्बर्टाच्या रानात होता. वसंतात तो एकटाच सेंट अल्बर्टच्या मिशनमध्ये आला. बायकोमुलं उपासमारीनं गेली म्हणाला, पण स्वतः चांगला धष्टपुष्ट. पोलिसांना त्याच्या तळावर हाडं मिळाली, मगज काढून घेतलेली. त्यानं कबुली दिली, आणि २० डिसेंबर १८७९ला फोर्ट सॅस्कॅचवान इथे त्याला फाशी झाली. कंपनीचं अन्न मिळण्याचं ठाणं त्याच्या तळापासून सुमारे २५ मैलांवर होतं. त्याला नुसती भुकेची केस म्हणता येत नाही ते यामुळे, आणि विंडिगोवर लिहिणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थबकतो तेही यामुळेच.

मला मात्र दुसरं प्रकरण जास्त सतावतं. जॅक फिडलर हे ऑन्टेरिओच्या उत्तर टोकाला, सॅन्डी लेक परिसरात राहणाऱ्या सकर गोताचे प्रमुख आणि शामान. आयुष्यात चौदा विंडिगो संपवले, असं ते सांगत; त्यात काही शत्रूंनी धाडलेले होते, आणि काही आपल्याच गोतातले, बरं न होणारे, घरच्यांनीच आणून सोपवलेले आजारी. १९०६ साली त्यांचा भाऊ जोसेफ यांची सून अशीच वाताच्या भरात होती. दोघा भावांनी मिळून तिचा गळा आवळला. त्यांच्या लेखी ते आजवर शामानानं करत आलेलं, सगळ्यांत नकोसं काम होतं. १९०७ साली घोडेस्वार पोलिसांनी दोघांना पकडून नॉर्वे हाउसला नेलं. गोतानं तोवर सरकारशी कसलाच तह केलेला नव्हता, राणीचा किंवा राजाचा कायदा त्यांना कुणी सांगितलेला नव्हता. ३० सप्टेंबरला जॅक पहाऱ्यातून निसटले आणि रानात त्यांनी गळफास घेतला. आठवडाभरानं जोसेफवर खटला चालला आणि फाशी सुनावली गेली. नंतर ती जन्मठेपेवर आली. पुढे सुटकेचा हुकूम निघाला, पण तो पोहोचायच्या तीन दिवस आधी, १ सप्टेंबर १९०९ला, जोसेफ स्टोनी माउंटनच्या तुरुंगात वारले. १९१०मध्ये गोतानं तहावर सही केली. वाचताना मी कुठल्या बाजूला आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या सुनेची बाजू सांगणारं कुणी नाही, हे तर आहेच.

विद्वानांनी यातून ‘विंडिगो सायकोसिस’ नावाचा मनोविकार काढला. १९३३ साली जॉन कूपर यांनी क्री लोकांतल्या या विकारावर लिहिलं. १९६० साली मॉर्टन टायकर यांनी सत्तर प्रकरणं जमवली. मग १९८२ साली लू मरानो उठले आणि म्हणाले, यातलं एक तरी प्रकरण कुणा अभ्यासकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय का? पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या मते हा माणसं खाण्याचा रोग नव्हता. उपासमारीत जड झालेल्या आजारी माणसाला ‘विंडिगो’ ठरवून संपवण्याची ती रीत होती. युरोपातल्या चेटकिणींसारखं. मरानोंचं म्हणणं मला बरंचसं पटतं, फक्त त्यात गोष्टी सांगणाऱ्यांचं हसू हरवतं.

हो, हसू. गंभीर पुस्तकांत याचा पत्ता लागत नाही. विंडिगोचा एक नाच होता, दुष्काळाच्या दिवसांत करायचा: मुखवटे घालून, ढोलाभोवती उलट्या पावलांनी, विंडिगोची टर उडवत. अमेरिकेतला असा शेवटचा ज्ञात सोहळा मिनेसोटातल्या कॅस लेकमधल्या स्टार आयलंडवर, लेक विंडिगोच्या काठी झाला. म्हणजे तळ्यातल्या बेटावरच्या तळ्यापाशी. आणि क्री मुलांची लाडकी गोष्ट तर अशी: विसाकेचाक हा त्यांचा खोडकर, खादाड, कधी वेंधळा, कधी बिलंदर नायक. त्याला वीहतिको पकडतो आणि त्यालाच भाजण्यासाठी त्यालाच लाकडं गोळा करायला पाठवतो. रडत रडत काटक्या वेचताना विसाकेचाकला वीझल भेटतं, मुंगसासारखं लांबुळकं पण वितीएवढं जनावर. बाबा रे, म्हणतो, तू त्याच्या ढुंगणातून आत शिर आणि काळजाला कडकडून चाव. वीझल नाक मुरडत का होईना जातं, आणि पाइनएवढा वीहतिको धाडकन पडतो. बक्षीस म्हणून विसाकेचाक त्याला पांढराशुभ्र कोट देतो, शेपटीचं टोक तेवढं काळं ठेवून. हिवाळ्यातलं वीझल आजही तसंच दिसतं. अनुवादात ‘ढुंगण’ शब्द राहू द्यावा की नाही यावरही चर्चा झाली. राहिला आहे.

बाहेरच्या जगाला विंडिगो कळला तो निराळ्या दारानं. इंग्रज लेखक अल्जर्नन ब्लॅकवुडची १९१०ची भयकथा आली. पुढे कॉमिक्स, स्टीफन किंगची कादंबरी, सिनेमे. तिथे त्याला हरणाची शिंगं आणि कवटीचं तोंड मिळालं. जुन्या गोष्टींत शिंगं नाहीत. शिंगं आली की आतला माणूस दिसेनासा होतो, एवढीच माझी तक्रार.

ज्यांची ही गोष्ट, त्यांनी मात्र तिला वेगळ्याच कामाला जुंपलं. जॉन्स्टननं लिहिलं की विंडिगो मेले नाहीत, ते आता कंपन्या चालवतात आणि जंगलं खातात. जॅक फोर्ब्स यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबसापासूनच्या सगळ्या लुटीलाच वीहतिकोचा आजार म्हटलं. क्री नाटककार टॉम्सन हायवेच्या १९९८च्या कादंबरीत वीहतिको मूळनिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेतल्या पाद्र्याच्या रूपानं मुलांच्या खाटेशी येतो. यांत अतिशयोक्ती वाटली तर नॉर्वे हाउसचं नाव पुन्हा आठवा. १९४२ साली सरकारी डॉक्टर तिथल्या क्री वस्तीत गेले, माणसं उपाशी आहेत हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी तीनशे कुपोषितांपैकी सव्वाशेंना जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. उरलेल्यांना तुलनेसाठी तसंच ठेवलं. इयन मॉस्बी या इतिहासकारानं २०१३ साली हे उजेडात आणलं; १९४२नंतरच्या वर्षांत निवासी शाळांतल्या मुलांवरही असेच प्रयोग झाले होते. लोकांना हवं होतं ते अन्न होतं.

संग्रहातल्या गोष्टींच्या क्रमाबद्दल एक खुलासा. त्या लोकांत या गोष्टी बर्फ असेपर्यंतच सांगायच्या असतात. उन्हाळ्यात त्यांचं तोंड बंद. आपल्याकडे बर्फाची पंचाईत असल्यानं संपादकांनी निदान क्रम हिवाळ्याचा ठेवला आहे: पहिल्या थंडीच्या गोष्टी आधी, उपासमारीच्या मध्ये, आणि आजीच्या नातीची सर्वांत शेवटी. मी ती सुरुवातीलाच फोडली याबद्दल ते माझ्यावर थोडे रुसले आहेत. पण तिथवर पोहोचाल तेव्हा पोरीकडे बघू नका, ती जिंकणार हे आता तुम्हाला ठाऊक आहे. लोकांकडे बघा. विंडिगो मेलेला आहे, धोका टळलेला आहे, चरबी पिऊन पोर घरी झोपलेली असणार, बाहेर झाडं उकलतील एवढी थंडी आहे. तरी ते बर्फ फोडतच राहतात, माणूस सापडेपर्यंत.